हृदय दुरुस्त झाले, पोट मात्र रुसले

बायपासचा पेशंट दवाखान्यातून घरी आला की घरातल्या सगळ्यांचे लक्ष त्याच्या छातीकडे लागलेले असते. टाके कोरडे आहेत ना, धाप लागत नाही ना, रात्री झोप लागली ना, अशी विचारपूस होते. आलेगेले पाहुणे छातीवरची लांब रेघ पाहून हळहळतात. पण चार-सहा दिवस गेले की पेशंटची कुरकुर सुरू होते ती भलत्याच गोष्टीची. घास तोंडात फिरतो, खाली उतरत नाही. तोंड कडू पडले आहे. पोट ढोलासारखे फुगते. आणि चार दिवस झाले, परसाकडला झालेले नाही. ही शेवटची तक्रार तर माणूस लवकर बोलूनही दाखवत नाही. सुनेसमोर, मुलांसमोर हे कसे बोलायचे, म्हणून मनातच ठेवतो.

वाचक बंधुभगिनींनो, हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटच्या पोटाच्या तक्रारी हा आजचा विषय आहे. या तक्रारी पुष्कळांना होतात आणि बहुतेकांच्या महिना-दीड महिन्यात कमी होतात. तक्रारींपेक्षा जास्त नुकसान होते ते घरच्या घरी होणाऱ्या दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे 'या गोळ्यांनीच पोट बिघडले' असे ठरवून हृदयाच्या गोळ्या बंद करणे. दुसरी म्हणजे धोक्याच्या खुणेला 'गॅस झाला' म्हणून सोडून देणे. कागदपत्रांची धावपळ, बुडालेला पगार, उसनवारी, रात्रीची जागरणे हे सगळे सोसून घरच्यांनी माणूस वाचवलेला असतो. तो या दोन गोष्टींपायी पुन्हा संकटात पडू नये, यासाठी आजचा हा लेख.

पोट का बिघडते?

पायातली शीर काढून हृदयाच्या तुंबलेल्या रक्तवाहिनीला वळसा घालायचा, ही पद्धत डॉ. रेने फावालोरो यांनी १९६७ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड येथे रूढ केली. आपल्या देशात १९७५ साली तेव्हाच्या मद्रासमधील पेरांबूरच्या रेल्वे इस्पितळात डॉ. के. एम. चेरियन यांनी ती शस्त्रक्रिया केली. आज ती महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत होते. शस्त्रक्रिया छातीची असली तरी तिचा ताण सगळ्या शरीरावर येतो आणि त्यात पोट आलेच.

बऱ्याच शस्त्रक्रियांत हृदय काही वेळ थांबवून रक्त यंत्रातून फिरवतात. त्या वेळी पोटाकडे जाणारे रक्त कमी पडू शकते. भूल दिल्यामुळे आतड्यांची हालचाल मंदावते. पुढे दुखणे थांबवण्यासाठी मॉर्फिन किंवा ट्रॅमाडॉलसारखी औषधे देतात, तीही आतड्यांना सुस्त करतात. त्यात पेशंट दिवसचे दिवस अंथरुणाला खिळलेला, पाणी कमी, जेवण नावाला. दवाखान्यात आतडे जागे व्हायलाच दोन-चार दिवस जातात. घरी येताना हातात आठ-दहा गोळ्यांची पिशवी असते आणि त्यांतल्या काही पोटाला त्रास देणाऱ्या असतात. एवढे सगळे झाल्यावर पोट रुसले तर नवल नाही.

तोंडाला चव नाही

सुरुवातीचे काही आठवडे अन्नावरची वासना उडते. आवडता पदार्थही नकोसा वाटतो, तोंडात लोखंड धरल्यासारखी चव येते. घरच्यांना वाटते, माणूस खात नाही म्हणजे खंगत चालला. मग ताट भरून वाढतात, आग्रह करतात, रागावतात. पेशंट दोन घास खाऊन ताट सरकवतो आणि घरात वादावादी होते.

यावर उपाय साधा आहे. दोन वेळा ताटभर वाढण्याऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्या. सकाळी मऊ उपमा, दहाला अर्धे केळे, दुपारी अर्धी भाकरी आणि मुगाचे वरण, चारला उकडलेले अंडे, रात्री मऊ खिचडी. कापलेले हाड आणि जखम भरून यायला शरीराला प्रथिने लागतात. ती डाळ, उसळ, अंड्यातला पांढरा भाग, दही आणि ताजी मासळी यांतून मिळतात. बाजारातल्या महागड्या पावडरीच्या डब्याची सगळ्यांनाच गरज नसते.

'अशक्तपणा आहे, पायाचा रस्सा द्या,' असा सल्ला देणारे पाहुणे प्रत्येक घरी येतात. त्यांचा हेतू चांगला असतो. पण त्या रश्श्यातले तेल, चरबी आणि मीठ या पेशंटला सोसत नाही, पोटही जड होते. सुका बोंबील, सुकट, खारा मासा, पापड आणि लोणचे यांच्यात मीठ भरपूर असते. तोंडाला चव यावी म्हणून हेच पदार्थ पुढे केले जातात. त्यापेक्षा लिंबू, कोथिंबीर, आले, जिरे, थोडा लसूण वापरा. चव येते आणि मीठ वाढत नाही. पाहुण्यांनी आणलेल्या नारळपाण्याचीही तीच गोष्ट. ज्याची किडनी अशक्त आहे किंवा ज्याला पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्याने नारळपाणी आणि केळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत.

मधुमेह असलेल्यांनी एक गोष्ट विसरू नये. जेवण जात नाही आणि साखरेची गोळी किंवा इन्सुलिन मात्र पहिल्याच मात्रेत चालू आहे, असे झाले की साखर एकदम उतरते. हातापायांना कापरे भरणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणे. लगेच दोन-तीन चमचे साखर पाण्यात विरघळून द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

महिना उलटला तरी भूक नाही, कशात मन लागत नाही, माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, उगाच रडू येते, असे असेल तर ते दुखणे मनाचेही असू शकते. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर उदासी येणे नेहमीचे आहे. तेही डॉक्टरांना सांगण्यासारखेच आहे.

कोठा साफ होत नाही

बद्धकोष्ठ ही सगळ्यांत जास्त आढळणारी तक्रार. दुखण्याची गोळी, रक्तवाढीची लोहाची गोळी, लघवी जास्त करवणारी गोळी, कमी पाणी, कमी चालणे, सगळ्यांचा मिळून तो परिणाम. जोर करून कुंथले की छातीत दाब वाढतो, रक्तदाब वरखाली होतो, चक्कर येते, छातीचे हाड दुखते. म्हणून शौचाला मऊ होणे ही या पेशंटच्या बाबतीत चैन नाही, औषधाइतकी महत्त्वाची बाब आहे.

आपल्या वस्तीत यात आणखी एक अडचण असते, तिच्याबद्दल डॉक्टर सहसा विचारत नाहीत आणि आपण सांगत नाही. चाळीत, झोपडपट्टीत संडास सार्वजनिक. सकाळी रांग. घाई लागली तरी उभे राहावे लागते. मग पेशंट घाई दाबून ठेवतो, आणि दाबून ठेवली की ती निघून जाते, मळ आणखी सुकतो. कितीतरी बाया तर संडासला जावे लागू नये म्हणून पाणीच कमी पितात. त्यातून बद्धकोष्ठ वाढत जाते.

शिवाय भरलेली बादली. शस्त्रक्रियेत छातीचे हाड मधोमध कापून तारेने बांधलेले असते. ते जुळून यायला दीड ते तीन महिने लागतात. पहिले सहा ते आठ आठवडे चार-पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलायचे नसते. पंधरा लिटरच्या भरलेल्या बादलीत पंधरा किलो पाणी असते. ती पेशंटने उचलायची नाही. पाणी घरातल्या दुसऱ्याने आधी नेऊन ठेवावे, पेशंटने फार तर लहान टमरेल न्यावे. उकिडवे बसणे आणि हातांवर जोर देऊन उठणे हेही छातीच्या हाडाला आणि पायावरच्या जखमेला अवघड जाते. औषधांच्या मोठ्या दुकानांत मधे भोक असलेली कमोडची खुर्ची मिळते, काही ठिकाणी भाड्यानेही मिळते. ती परवडत नसेल तर सुताराकडून जुन्या भक्कम खुर्चीला भोक पाडून घेता येते. खाली डबा ठेवला की काम भागते. महिनाभर घरातल्या मोरीत पडदा लावून ही सोय केली तर त्यात लाज कसली? आणि शेजाऱ्यांना एकदा सांगून ठेवले तर रांगेतही लोक पुढे सोडतात. पहिले काही दिवस संडासची कडी आतून लावू नये, घरातल्या कुणी तरी बाहेर थांबावे. चक्कर आली तर हाक मारता येते.

आता तंबाखूबद्दल. 'चिमूटभर तंबाखू किंवा एक बिडी घेतल्याशिवाय मला होतच नाही,' असे म्हणणारे पुरुष आणि 'मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही,' असे म्हणणाऱ्या बाया आपल्यात कमी नाहीत. यात काही अंशी तथ्य आहे. तंबाखूतले निकोटिन आतड्याला चाळवते आणि वर्षानुवर्षांची सवय एकदम सुटली की काही आठवडे कोठा जड होतो. नेमके याच कारणाने शस्त्रक्रियेनंतर तंबाखू पुन्हा सुरू होते. 'फक्त सकाळी एकदा, पोटापुरती' म्हणून सुरुवात होते आणि महिन्याभरात पुडी पुन्हा खिशात येते. तंबाखू रक्तवाहिन्या आवळते, रक्ताच्या गाठी व्हायला मदत करते. जी नवी शीर जोडली ती तुंबवायला याहून मोठा शत्रू नाही. कोठा साफ करण्याचे दुसरे मार्ग आहेत, बंद पडलेली शीर पुन्हा उघडणे मात्र फार अवघड आहे. थोडे आठवडे दम धरा, आतडे तंबाखूवाचून चालायला शिकते.

ते मार्ग असे. सकाळी उठल्याबरोबर कपभर कोमट पाणी किंवा चहा घ्या आणि नंतर पाच-दहा मिनिटे चाला. काही पोटात गेले की आतडे हलते, ती वेळ साधून रोज त्याच वेळी बसायची सवय लावा. चालणे थोडे थोडे वाढवा. आज दारापर्यंत, उद्या गल्लीच्या टोकापर्यंत, पुढच्या आठवड्यात विहारापर्यंत. खाण्यात ज्वारी-नाचणीची भाकरी, सालीची मूगडाळ, दुधी, पडवळ, भेंडी, पिकलेली पपई, पेरू असू द्या. मूठभर मनुका रात्री भिजवून सकाळी खाल्ल्या तरी फायदा होतो, पण मधुमेह असेल तर मनुका टाळा.

पाणी किती प्यायचे, हा प्रश्न मात्र डॉक्टरांनाच विचारायचा. 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला सगळ्यांना लागू नाही. ज्याचे हृदय अशक्त आहे त्याला दिवसाला दीड लिटरच पाणी सांगितलेले असू शकते आणि त्यात चहा, ताक, वरणाचे पाणीही धरायचे असते. सकाळी एक बाटली मोजून भरून ठेवली की हिशेब राहतो.

इसबगोल चांगला, स्वस्तही आहे. पण तो पेलाभर पाण्याबरोबर घ्यावा लागतो. कमी पाण्यात घेतला तर आतड्यात गोळा होऊन उलट अडकतो. ज्याचे पाणी मोजून आहे त्याने म्हणूनच विचारून घ्यावा. तसेच इसबगोल आणि हृदयाच्या गोळ्या यांत निदान दोन तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर औषध नीट शोषले जात नाही. डॉक्टर लॅक्ट्युलोजसारखे मळ मऊ करणारे पातळ औषध देतात, तेही चालते.

टाळायचे ते एरंडेल, कडक जुलाबाच्या गोळ्या आणि सोनामुखी घातलेली चूर्णे. चूर्णाच्या पुडीत मीठही असते. जुलाब करवून कोठा साफ केला की अंगातले पाणी आणि पोटॅशियम जाते, आणि पोटॅशियम उतरले की हृदयाचे ठोके बिघडतात. चार-पाच दिवस उपाय करूनही झाले नाही, पोट फुगले आणि वारासुद्धा सरत नाही, तर घरी वाट पाहू नका.

जळजळ, आणि बंद केलेली गोळी

छातीत जळजळ, आंबट ढेकर, पोटात वरच्या भागात दुखणे ही दुसरी मोठी तक्रार. बायपासनंतर जवळजवळ सगळ्यांना अॅस्पिरिनची लहान गोळी असते. काहींना सोबत क्लोपिडोग्रेल असते. या गोळ्या रक्ताच्या गाठी होऊ देत नाहीत, म्हणून जोडलेली शीर मोकळी राहते. पण अॅस्पिरिन पोटाच्या अस्तराला त्रास देते आणि काहींच्या पोटात त्यामुळे व्रण होऊन रक्त जाते.

इथेच घोटाळा होतो. पेशंट दोन दिवस गोळी घेत नाही, जळजळ थांबते, बरे वाटते. घरच्यांनाही वाटते, गोळीच बाधत होती. पोटाला बरे वाटलेले कळते, पण जोडलेल्या शिरेत गाठ धरू लागली तर ती कुणाला दिसत नाही. कळते तेव्हा माणूस पुन्हा दवाखान्याच्या गाडीत असतो. म्हणून ही गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. जळजळ होते हे डॉक्टरांना सांगा. ते पोटाचे रक्षण करणारी गोळी देतात, बहुधा पँटोप्राझोल. ती सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची. अॅस्पिरिन जेवणानंतर घ्या, आणि आतड्यात विरघळणारी गोळी असेल तर ती फोडू किंवा चावू नका. क्लोपिडोग्रेल चालू असताना ओमेप्राझोल मात्र दुकानातून आपल्या मनाने आणू नका, त्यामुळे क्लोपिडोग्रेलचा असर कमी होतो.

अंगदुखीसाठी दुकानदाराकडून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी घेणे हेही धोक्याचे. अॅस्पिरिनच्या जोडीला ती आली की पोटातून रक्त जाण्याचा धोका वाढतो, आणि हृदयालाही ती बरी नाही. दुखत असेल तर पॅरासिटामॉल किती घ्यायची ते विचारून घ्या. जळजळीवर सोडा किंवा फसफसणारी पावडर घेण्याची सवयही सोडावी, कारण सोड्यातून सोडियम म्हणजे मिठाचाच अंश अंगात जातो. त्याने पाणी साठते, सूज येते, धाप वाढते.

रात्री जेवल्यावर दोन-तीन तास आडवे होऊ नका. उशाकडची बाजू उंच ठेवा. तिखट-तळलेले कमी करा. रात्रपाळी करणाऱ्या माणसाने कामावर पुन्हा जाताना गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून बसवून घ्याव्यात, म्हणजे रिकाम्या पोटी गोळी जाणार नाही.

वॉल्व्ह बदललेल्यांसाठी

लहानपणी घसा येऊन सांधे धरतात आणि पुढे हृदयाची झडप खराब होते, तो संधिवाताचा ताप दाटीच्या वस्त्यांत जास्त. अशा कितीतरी तरुण स्त्री-पुरुषांचा वॉल्व्ह बदलावा लागतो. धातूचा वॉल्व्ह असेल तर रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिन किंवा अॅसेनोकुमारॉलची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि आयएनआर नावाची रक्ताची तपासणी करत राहावी लागते.

या गोळीचा आणि पोटाचा जवळचा संबंध आहे. मेथी, पालक, चवळई, कोबी यांच्यात के जीवनसत्त्व असते, ते या गोळीच्या उलट काम करते. म्हणून पालेभाजी सोडायची नाही, पण एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, असेही करायचे नाही. दर आठवड्याला साधारण सारखीच खायची. चार दिवस जेवण गेले नाही, जुलाब झाले किंवा प्रतिजैविक औषध सुरू झाले, तर रक्त जास्त पातळ होऊ शकते. अशा वेळी आयएनआर लवकर तपासून घ्या. हिरडीतून, नाकातून रक्त येणे, अंगावर काळेनिळे डाग ही त्याची खूण. पोटासाठी किंवा अंगदुखीसाठी कुणी काढा, जडीबुटीची पुडी दिली तर ती घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

काही पेशंटना डिगॉक्सिनची गोळी असते. ती चालू असताना भूक मेली, मळमळ-उलटी सुरू झाली, नजरेला पिवळट दिसू लागले किंवा नाडी फार मंद झाली, तर ते अपचन नसून गोळी अंगात जास्त साठल्याची खूण असू शकते. त्याच दिवशी दवाखान्यात जा.

जुलाब लागले तर

प्रतिजैविकांमुळे काहींना पातळ होते. मेटफॉर्मिननेही होते. एक-दोन वेळा झाले तर ताक-भात, मऊ खिचडी, केळे यांवर भागते. पण दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा पाण्यासारखे होत असेल, ताप असेल, पोटात मुरडा असेल तर दुकानातून जुलाब बंद करणारी गोळी आणू नका. प्रतिजैविकांनंतर आतड्याला होणारा एक जंतुसंसर्ग असा असतो की त्यात ती गोळी घातक ठरते. लघवीची गोळी घेणाऱ्याला जुलाबात अंग लवकर कोरडे पडते. गोळी चालू ठेवायची की थांबवायची, ते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

फुगलेले पोट नेहमी गॅसचे नसते

पोट फुगले की आपण ओवा, हिंग, जिऱ्याचे पाणी देतो. साध्या गॅसला ते चालते. पण दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढले, पायावर सूज आली, आडवे झाल्यावर धाप लागते आणि पोट भरल्यासारखे वाटते, तर ते पाणी साठल्यामुळे आहे. हृदय नीट पंप करत नाही म्हणून यकृत आणि आतडे सुजतात, आणि भूक मरते. म्हणून रोज सकाळी लघवीनंतर वजन करून वहीत लिहावे. घरी काटा नसेल तर शेजारच्या दवाखान्यात दोन दिवसांआड करावे.

आणि छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दाबल्यासारखे दुखते, घाम फुटतो, जबडा किंवा हात दुखतो, जीव घाबरा होतो, तर सोडा पिऊन अर्धा तास बसू नका. बायपास झाला म्हणजे पुन्हा झटका येणारच नाही असे नसते. मधुमेहींना आणि स्त्रियांना तर झटक्यात छाती न दुखता नुसती मळमळ आणि थकवाही येतो.

आई आजारी असते तेव्हा

पेशंट पुरुष असेल तर त्याच्या ताटाची काळजी घरातली बाई घेते. पेशंट तीच असेल तर? पंधरा दिवसांत ती चुलीपाशी उभी राहते. सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाते, गोळी उपाशीपोटी घेते किंवा विसरते. पाण्याचा हंडा उचलते. चार दिवस संडासला झाले नाही हे कुणाला सांगत नाही. घरातल्या मुलांनी आणि नवऱ्याने तिला दोन महिने पहिले ताट वाढावे, पाणी भरावे आणि 'आई, आज पोट साफ झाले का?' असे न लाजता विचारावे.

ताबडतोब दवाखाना गाठा

पुढील खुणा दिसल्या तर सकाळ होण्याची वाट पाहू नका.

– डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच. लोहाच्या गोळीनेही शौच काळपट होते, पण ती चिकट नसते. शंका असेल तर दाखवाच.
– शौचातून लाल रक्त, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी.
– पोटात असह्य दुखणे, पोट कडक होणे, वारा न सरणे.
– उजव्या बाजूला बरगडीखाली दुखणे आणि ताप, डोळे पिवळे होणे.
– उलट्यांमुळे दिवसभर एकही गोळी पोटात न राहणे.
– दोन दिवस न थांबणारी उचकी.
– छातीच्या जखमेतून पू, किंवा हलताना छातीचे हाड कटकट वाजणे.
– छातीत दाब, घाम, धाप, भोवळ.

हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर पोटात गंभीर बिघाड होणारे पेशंट थोडे, शंभरात एक-दोन. पण ज्यांना होतो त्यांच्या जिवाला मोठा धोका असतो, आणि तिथे वेळेला किंमत आहे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, तिला पैसे पडत नाहीत.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया झाली असेल तर पुढच्या तपासण्या आणि औषधे यांपैकी काय मिळते, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून २०१२ साली सुरू झालेल्या योजनेलाच २०१७ साली हे नाव मिळाले, त्यामुळे जुनी कागदपत्रेही जपून ठेवा. तपासणीला जाताना चालू गोळ्यांची सगळी पाकिटे पिशवीत घालून न्या आणि एका वहीत रोज चार गोष्टी लिहा: किती खाल्ले, किती पाणी प्याले, शौचास झाले की नाही, वजन किती. घरातला शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी हे काम सहज करील. डॉक्टरांना बोलायला दोन मिनिटेच मिळतात, पण ती वही पाहून त्यांना महिनाभराची हकिगत कळते आणि कोणती गोळी बदलायची तेही ठरवता येते.